कसाऱ्याहून संध्याकाळची गावटूर: जेवणाला पैकीच्या पैकी, बाकीचं सांगतो

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. जावं का? हो, जावं. पण जेवायला जावं. जाहिरातीत ते 'सह्याद्रीतलं अस्सल जीवन अनुभवा' वगैरे लिहिलेलं असतं त्याच्या नादी लागू नका, काही तासांत कोणाचं जीवन अनुभवायला मिळत नसतं. आम्हाला जे आवडलं ते त्यांच्या यादीत नव्हतंच, आणि यादीत ठळक अक्षरात होतं ते बघून आई म्हणाली की यापेक्षा मुलुंडच्या जत्रेत जास्त मजा येते.

तर आम्ही दोघं गेलो, मी आणि आई. आई ६६ वर्षांची, माहेर-सासर दोन्ही कोकणातल्या संगमेश्वराकडचं, लग्नानंतर मुलुंडला आली ती इथलीच झाली पण चूल दिसली की तिच्यातली मुलगी जागी होते. तिला वाढदिवसाला हॉटेलात नेलं की मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूच्या आकड्यांकडेच बघत बसते, म्हणून म्हटलं यंदा वेगळं काहीतरी करू. माणशी २,४०० रुपये. यात कसाऱ्याहून पुढे भंडारदऱ्याकडे गाडी, तीन गावं, चहा, रात्रीचं जेवण आणि परत ठाण्याला तीन हात नाक्यापर्यंत सोडणं. जाताना कसाऱ्यापर्यंत आपलं आपण लोकलने यायचं. आईला खरी किंमत सांगितली नाही, बाराशे सांगितले, तरी 'दोघांचे ना?' असं विचारलंच.

महिना नोव्हेंबर. हे मुद्दाम लिहितोय कारण भंडारदरा म्हटलं की सगळे एकतर जूनच्या तोंडावर काजवे बघायला पळतात नाहीतर ऑगस्टमध्ये धबधब्याखाली उभं राहायला, आणि मग गाड्यांची रांग, हॉर्न, चिवड्याच्या पिशव्या. नोव्हेंबरात काजवे नाहीत, धबधबे वाळलेले, म्हणून गर्दी नाही. पण भात कापून खळ्यावर आलेलं असतं, नागली-वरई निघालेली असते, खुरासणी झोडून घरात आलेली असते. म्हणजे खायच्या दृष्टीने बघितलं तर खरा सीझन हाच. हे त्यांनी जाहिरातीत लिहायला हवं होतं, ते लिहिलेलं नाही.

ठाण्याहून कसारा लोकल पकडली, रविवार असूनही आईला खिडकी मिळाली. आटगाव-खर्डी मागे पडलं की हवा बदलते हे दर वेळेला जाणवतं. लोकल कसाऱ्यालाच का संपते असं आईने विचारलं तर समोर बसलेल्या एका काकांनी उत्तर दिलं की पुढे थळ घाट, १ ला ३७ चा चढ, लांब पल्ल्याच्या गाड्यांनासुद्धा मागून बँकर इंजिनं लावून ढकलावं लागतं, तिथे तुमच्या लोकलचं काय चालणार. हे काका पुढे आमच्याच ग्रुपमध्ये निघाले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, आयुष्यभर याच घाटात तिकिटं फाडली म्हणे. खरं सांगायचं तर टूरच्या गाइडपेक्षा जास्त माहिती यांनीच दिली आणि त्यांनी स्वतःचे २,४०० भरलेले.

आता पहिली तक्रार. बुकिंग करताना 'फक्त आठ जण, छोटा ग्रुप' असं तीनदा लिहिलेलं. कसाऱ्याला उतरलो तर अकरा. आम्ही दोघं, काका, गोरेगावचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं, दादरच्या एकाच बँकेतल्या तिघी मैत्रिणी, हे झाले आठ. आणि वर अजून तीन मुलगे, ज्यांचं म्हणे आदल्या दिवशीचं बुकिंग कॅन्सल होऊन आजवर ढकललं होतं. ऑफिसला फोन लावला तर 'सर गाडी बारा सीटरच आहे ना' असं उत्तर. अहो गाडी किती सीटर आहे हा मुद्दा नाहीये. आठ माणसं एखाद्याच्या ओटीवर बसली तर पाहुणे वाटतात, अकरा बसली की पंगत होते. हा फरक संध्याकाळी प्रत्यक्ष दिसला, पुढे येतोच त्यावर. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको, आणि अशा टूर करणारे आता बरेच झालेत, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं असंच असतं.

घाट चढून इगतपुरी, घोटी, तिथून उजवीकडे वळून बारी. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे शाळेत पाठ केलेलं असतं पण खालून बघताना मान किती मागे टाकावी लागते ते पुस्तकात नसतं. आम्ही चढणार नव्हतो, आमचा थांबा खळ्यावर होता. शेणाने सारवलेलं गोल खळं, एका बाजूला भाताचे भारे रचलेले, आणि एक काकी आणि त्यांचा मुलगा असे दोघं पेंढी डोक्यावरून मागे नेऊन लाकडी बाकावर झोडत होते. धप्प असा आवाज आणि दाणे उडून खाली. गाइडने सांगितलं की आता बऱ्याच जणांकडे मळणी यंत्र येतं, पण यांची खाचरं लहान आणि वर डोंगराच्या पोटाला, तिथे यंत्र जात नाही, भारे डोक्यावरून खाली आणावे लागतात. त्या तीन मुलग्यांपैकी एकाने रील करायला पेंढी हातात घेतली आणि पहिल्याच फटक्यात अर्धे दाणे खळ्याच्या बाहेर. काकी काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून एकेक दाणा वेचायला लागल्या. मग आईपण वेचायला बसली, मग मीही बसलो, मग तो मुलगाही बसला. पुढच्या प्रत्येक ठिकाणी काही हातात घेण्याआधी तो विचारायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

कळसूबाईची गोष्ट गाइडने इथे सांगितली. कळसू नावाची मुलगी कामाला राहिली ती अट घालून की मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी वाट्टेल ते सांगा. एक दिवस घरच्यांनी तिला तेच करायला लावलं तर ती उठून डोंगरावर निघून गेली ती कायमची, आणि तिची देवी झाली. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, 'मी चाळीस वर्षं घासतेय, मला कोणी सांगितलंच नाही की डोंगरावर जायची सोय आहे.' दादरच्या तिघी मैत्रिणी इतक्या हसल्या की त्यानंतर दिवसभर आई त्यांच्यातच होती आणि मी काकांबरोबर.

चहा कोरा मिळाला, गवती चहा घालून, गुळाचा. दूध नाही का असं जोडप्यातल्या मुलीने विचारलं. घरात गाय बांधलेली दिसत होती म्हणून विचारलं असेल, पण ते दूध डेअरीला जातं. मला तो चहा भारी आवडला, दोन कप प्यायलो.

पुढे शेंडीला धरण. विल्सन डॅम म्हणजेच भंडारदऱ्याचं धरण, प्रवरा नदीवर, १९१० ला काम सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं, म्हणजे शंभरी गाठतंय. इथे टूरवाल्यांनी फोटोला दहा मिनिटं दिली आणि काही सांगितलं नाही, ते काकांनी सांगितलं. हे पाणी इथून खाली नगरच्या उसाला जातं, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विख्यांनी उभा केला तो याच प्रवरेच्या कालव्यांच्या मुलखात. आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ती गावं तलावाच्या कडेकडेने वर सरकून बसली, एप्रिल-मे आला की हंडे घेऊन उतरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच. काका हे सगळं ओरडून नाही, तिकीट देतानाच्या आवाजात सांगत होते, त्यामुळे जास्त लागलं. मुंबईचं पाणी यातलं नाही बरं का, मलाही आधी तसंच वाटायचं. आपलं येतं ते भातसा-वैतरणेकडून, घाटाच्या अलीकडचं. इथे पडलेला पाऊस प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात. घाटघरच्या कड्यावर उभं राहून थुंकलं तर अरबी समुद्रात आणि दोन पावलं मागे येऊन थुंकलं तर बंगालच्या उपसागरात, हे वाक्यही काकांचंच.

आणि एक. हा सगळा महादेव कोळी आणि ठाकरांचा मुलूख, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांचा. त्यांना २ मे १८४८ ला फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात. मी त्या तुरुंगाच्या भिंतीवरून आठवड्यातून चार वेळा रिक्षाने जातो. हे मला भंडारदऱ्याला येऊन कळावं याची थोडी लाज वाटली.

मग तलावाच्या कडेने मुरशेत, उडदावणे करत घाटघर. रस्ता वाईट आहे, मागच्या सीटवर बसू नका, सांगून ठेवतो. उजवीकडे अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही किल्ले ओळीने उभे, डावीकडे पाण्यापलीकडे रतनगड आणि त्याच्या शेजारी अंगठ्यासारखा खुट्टा. साडेपाचला कड्यावर पोचलो. इथे मात्र शंभर टक्के पैसे वसूल. सूर्य खाली कोकणात जाताना दिसतो आणि आपण त्याच्या वर उभे. खाली शहापूर तालुका, धुरकट, एकावर एक निळ्या डोंगरांच्या घड्या. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'आपलं गाव त्या बाजूला ना?' मी म्हटलं, 'हो गं, पण खूप खाली दक्षिणेला.' ती म्हणाली, 'ते माहितीय मला, बाजू तीच ना.'

घाटघरला जलविद्युत प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा, त्याचं तंत्र मला फार आवडलं म्हणून लिहितो. वर एक तलाव, खाली कोकणात चोंढ्याजवळ दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हा रात्री ग्रिडमधलीच वीज वापरून खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. तेच पाणी, वर-खाली, वर-खाली. जेवढी वीज मिळते त्याहून जास्त खर्च होते, पण नको तेव्हाची देऊन हवी तेव्हाची मिळते, म्हणून परवडतं. गोरेगावचा नवरा म्हणाला, 'म्हणजे आमचा ईएमआय.' तोपर्यंत तो गप्प होता, नंतर मोकळा झाला.

आता दुसरी तक्रार, आणि ही मोठी आहे. अंधार पडल्यावर थेट जेवायला जायच्या ऐवजी 'सांस्कृतिक थांबा' म्हणून आम्हाला एका ठिकाणी नेलं. तिथे एक नवी कोरी झोपडी, गेरूच्या भिंती, आणि भिंतीवर वारली चित्रं. तारपा वाजवणारा माणूस, गोल फेर धरलेली माणसं, सगळं व्यवस्थित, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये. अरे पण वारली लोक डहाणू, तलासरी, जव्हारकडचे. इथे कोळी आणि ठाकर. हे म्हणजे कोल्हापूर दाखवतो म्हणून नेऊन समोर मालवणी थाळी ठेवल्यासारखं झालं. मी तिथल्या मुलाला विचारलं की ही कोणी काढली, तर तो बिचारा खरं बोलला, 'नाशिकचा पेंटर आला व्हता.' आत स्पीकरवर गाणं, चार मुली नऊवारी नेसून नाचल्या, त्यांच्या चेहऱ्यावर दिवसातला तिसरा शो असल्याचा थकवा स्पष्ट. सगळ्यांना फेटे बांधून फोटो. चाळीस मिनिटं. या चाळीस मिनिटांत तिकडे जेवण बनवणारी माणसं खोळंबली होती हे आम्हाला पोचल्यावर कळलं. खऱ्या भिंती बघायच्या असतील तर गावात आहेतच की, कारवीच्या काटक्यांचा कुड, वर शेणमातीचा गिलावा, आणि मध्ये जिथे गिलावा पडलाय तिथून आतला दिवा दिसतो. तो बघायला फेटा लागत नाही.

जेवणाच्या गावाचं नाव लिहीत नाही, जिथे जेवलो त्या घरच्या मावशींनीच नको म्हटलं, मागे कोणीतरी लिहिलं तर लोक न सांगता दार वाजवायला लागले. गाडी रस्त्यावर थांबली आणि पुढे वीस मिनिटं पायवाट. मेसेजमध्ये 'सोपं चालणं' लिहिलेलं. सोपं कोणासाठी? खडी, मध्ये कोरडा ओढा, काळोख, आणि आईचा उजवा गुडघा. काकांनी कुठूनतरी एक काठी पैदा केली, दादरच्या एकीने टॉर्च धरला आणि आई पोचली, पण वय झालेल्या माणसांना नेणार असाल तर आधी फोन करून नीट विचारा की गाडीपासून घर किती लांब, आणि उत्तर 'जवळच' असं आलं तर परत विचारा.

आणि मग ते घर. मातीची ओटी, आत शिरलं की उजवीकडे चूल, डावीकडे गोठा, मध्ये फक्त एक लाकडी दांडी. वर माळ्याला कणसं टांगलेली, कोपऱ्यात मडक्यांत बियाणं, वरून राख पसरलेली म्हणजे कीड लागत नाही. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना बीजमाता म्हणतात आणि ज्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, त्यांनी अशीच घेवड्याची, वालाची, भाताची जुनी वाणं जपली. मावशी म्हणाल्या आमच्या घरात सासूपासूनच होतं, पण राहीबाईंचा फोटो पेपरात आल्यावर सुनेने मडकी टाकून द्यायचं नाव काढणं बंद केलं.

आईने दारातच चपला काढल्या आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसली, कोणाला विचारलं नाही. मावशींनी एकदा बघितलं आणि पाट सरकवला, बस. पुढचा अर्धा तास मी फक्त बघत होतो. काठवटीत नागलीचं पीठ, त्यात चांगलं गरम पाणी, कारण नागलीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, थंड पाण्यात मळलं तर कडा फाटतात. तळव्याच्या टाचेने रगडून रगडून गोळा लोण्यासारखा झाला की थापायला घ्यायची. मावशींचा उजवा हात थापतो आणि डावा हात कड सांभाळतो, आणि भाकरी आपोआप फिरते, म्हणजे फिरवताना दिसत नाही, नुसती गोल गोल मोठी होत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग तवा उतरवून निखाऱ्यांपुढे उभी टेकवायची. टम्म फुगते, कुठेतरी एक छोटं भोक पडतं आणि वाफेची शिट्टी. आईने मागून घेतली एक करायला. तिला तांदळाच्या भाकरीची सवय, ही थापली ती महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. मावशी म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या ताई, पोटात गेल्यावर गोलच व्हती.' आई म्हणाली, 'आमच्यात हिला नाचणी म्हणतात.' मावशी म्हणाल्या, 'म्हनू द्या.'

चटणी. यासाठी मी परत जाईन. खुरासणी, म्हणजे आपलं कारळं, लोखंडी तव्यावर तडतडेपर्यंत भाजलेलं, त्यात लसूण सालासकट, वाळकी लाल मिरची, जाडं मीठ, आणि पाट्यावर वाटलेलं. तेल वरून घालायची गरजच नाही, दगडाखाली स्वतःचं तेल सुटतं आणि काळी कुळकुळीत, ओलसर, चमकणारी होते. आधी कडवट लागते, मग खमंग, मग मिरची येते हळूहळू आणि ठाण मांडून बसते. गरम भाकरीवर घातली की तिची ऊब लागून वास येतो तो कशासारखा हे मला सांगता येत नाही, तिळाच्या जवळचा पण जास्त रानटी. एक सूचना, खाल्ल्यावर आरशात बघितल्याशिवाय फोटो काढू नका. आमच्या ग्रुप फोटोत अकराच्या अकरा माणसांचे दात काळे आहेत. त्या जोडप्याचा लग्नानंतरचा पहिला ट्रिप फोटो तो.

बाकी ताटात हुलग्याचे शेंगोळे, लसणाच्या रश्शात शिजलेले, दाट, हे थंडीत खायचंच. घेवड्याची भाजी, शेंगेसकट, काळा मसाला. ज्यांनी आधी सांगितलं होतं त्यांना गावरान कोंबडीचा रस्सा, मी सांगितलं होतं, चांगला होता, पण खरं सांगू का, चटणी-शेंगोळ्यांपुढे दुसरा नंबर. कोंबडी थोडी चिवट, ती तशीच असते, तक्रार नाही. आणि शेवटी काळभात. तुसाला काळा, आतून पांढरा, बारीक दाणा, झाकण काढलं तेव्हा ओटीवर बसलेल्यांनी आत वळून बघितलं इतका वास. या भाताला उतारा कमी येतो म्हणून बऱ्याच जणांनी सोडला, संकरित लावतात. मावशींनी घरापुरता आणि थोडा पाहुण्यांपुरता ठेवलाय. त्यावर कढत शेंगोळ्यांचा रस्सा आणि चमचाभर तूप. मी तीन वेळा घेतला. इथेच ते आठ आणि अकराचं गणित आडवं आलं. भात आठ जणांच्या अंदाजाने टाकलेला, मावशींच्या सुनेला निरोप आठचाच होता. शेवटच्या तिघांना साधा तांदूळ वाढला आणि घरातल्यांसाठी काय उरलं ते मी विचारलं नाही, आणि माझ्या तिसऱ्या वाढपाची आठवण येऊन अजून अस्वस्थ व्हायला होतं.

जेवणं झाल्यावर आई आणि मावशी एकाच गोधडीवर बसून बोलत होत्या आणि आईने तिच्या पद्धतीने थेट विचारलं, 'किती देतात गं तुला?' मी मान खाली घातली. मावशींनी सरळ सांगितलं, ताटामागे दोनशे. कोंबडी असली तर वर शंभर. गाडी, डिझेल, टोल, ड्रायव्हर, गाइडचा पगार हे सगळं धरूनही, आणि मी स्वतः धंद्यातला माणूस आहे, खर्च काय असतात ते कळतं, तरीही २,४०० मधले दोनशे हे जमत नाही. ज्या गोष्टीसाठी माणसं येतात तिला सगळ्यात कमी, आणि त्या नाशिकच्या पेंटरच्या झोपडीवर किती उडवले असतील देव जाणे. फीडबॅक फॉर्ममध्ये हे लिहिलं. उत्तर आलं, 'थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक', बरोबर हात जोडल्याची इमोजी. आम्ही निघताना मावशींकडून दोन किलो काळभात आणि किलोभर खुरासणी रोखीने घेतली, बाकीच्यांनीही काही ना काही घेतलं, दादरच्या तिघींनी तर वरईसुद्धा, एकादशीला होईल म्हणून. कॅश न्या. नेटवर्क नाही, फोनवरून पैसे जात नाहीत, गोरेगावच्या मुलीला मी तीनशे उसने दिले, ते तिने परतीला रेंज आल्याआल्या पाठवले.

बाहेर आलो तर थंडी चांगलीच. अंगणात घरातले आजोबा शेकत बसलेले, त्यांनी काठीने वर दाखवून कृत्तिका दाखवल्या, तो झुबका, आणि खाली लालसर रोहिणी. मुलुंडला आम्हाला चंद्र आणि विमानं एवढंच दिसतं. त्या तीन मुलग्यांपैकी एकाने मोबाइलवर तारे ओळखायचं ॲप काढलं, ते रेंजशिवाय उघडेना, मग आजोबांनाच विचारत बसला.

परतीला ड्रायव्हरने इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरला, जून २०२५ पासून शेवटचा टप्पा सुरू झालाय तो, त्यामुळे कसारा घाट लागतच नाही, जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आणि एकदम खाली. काका जागे होते, घाट हुकला म्हणून जरा नाराज वाटले. तीन हात नाक्याला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता, त्यांनी साडेअकरा सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर शनिवारचं बुकिंग घ्या. स्वेटर न्या, बूट न्या, बायकांसाठी टॉयलेटची सोय बारीला आणि शेंडीला आहे, मध्ये नाही, हे ते आधी सांगत नाहीत.

रेटिंग द्यायचं तर मावशींच्या चुलीला पाच, घाटघरला पाच, काकांना पाच, टूर कंपनीला दोन, त्यातला एक ड्रायव्हरचा.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आईने ती चटणी मिक्सरमध्ये केली. भुगा झाला नुसता, तेल सुटलंच नाही. पाट्यावरच वाटायला हवी म्हणाली. आमचा पाटा गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे, पंधरा वर्षं. रविवारी कुंडी हलवायला मला सांगितलंय.